आपल्या हातची गोळी

वर्षाराणीला पहिला संशय आला तो स्वतःच्या बोटांचा.

नांदेडला गुरुद्वाऱ्याच्या जवळ एका लॉजमध्ये ती चादरी-अभ्र्यांचं काम बघायची. पंजाबातून, दिल्लीकडून दर्शनाला आलेली माणसं मुक्काम करून गेली की खोल्यांतल्या चादरी खाली यायच्या. त्या धोब्याला द्यायच्या, धुऊन आल्या की इस्त्री करून घड्या घालायच्या. त्या दिवशी इस्त्री फिरवताना तिच्या उजव्या हाताची बोटं बारीक थरथरायला लागली. दुपारपर्यंत तोंडाला अशी कोरड पडली की जीभ टाळूला चिकटायची. पाणी पिऊन पिऊन पोट फुगलं, कोरड काही जाईना. घरी परतताना रिक्षात बसल्या बसल्या डुलकी लागली आणि उतरायची जागा मागं राहिली.

ही थरथर, ही कोरड, ही झापड तिच्या ओळखीची होती. आजाराच्या गोळ्या चालू असल्या की तिला हे असंच व्हायचं. पण गोळ्या तर तिनं दिवाळीच्या आधीच बंद केल्या होत्या. मग हे अंगात आलं कुठून?

आजार जुना होता. वर्षाराणी भोकरजवळच्या एका खेड्यातली, लग्न होऊन लातूरला गेलेली. नवरा भागवत गंजगोलाईतल्या भांड्यांच्या दुकानात कामाला होता. मुलगी पुनम तीन वर्षांची असताना वर्षाराणीला वाटायला लागलं की समोरच्या हॉस्टेलातल्या क्लासच्या पोरी खिडकीत बसून आपल्यावर नजर ठेवतात. तिनं खिडक्यांना वर्तमानपत्रं चिकटवली. मग सासूच्या हातचं जेवण सोडलं, त्यात काहीतरी कालवलंय म्हणून. सासरच्यांनी आधी दर्ग्यावर नेलं, मग एका देवऋष्याकडं, आणि शेवटी भोकरला माहेरी आणून सोडलं. घटस्फोट झाला. पुनम तिच्याकडं राहिली, कारण तेव्हा भागवतला पोर सांभाळायची नव्हती.

वडील सटवाजी यांनी वारण्याआधी एक काम नेटानं केलं. लेकीला नांदेडच्या सरकारी दवाखान्यात मानसोपचाराच्या विभागात नेलं. वर्षभरात ती सावरली. नांदेडातच काम धरलं, रहमतबी नावाच्या विधवा बाईच्या घरात मागची खोली भाड्यानं घेतली आणि पुनमला शाळेत घातलं. दवाखान्यात समुपदेशनाचं काम करणाऱ्या लुबना मॅडमनी तिला एक गोष्ट घोकून घोकून शिकवली होती. संशय आला की लगेच त्याच्या मागं धावायचं नाही. आधी झोपून घ्यायचं, मग पोटभर जेवायचं, आणि तरीही संशय उरलाच तर त्या माणसाला तोंडावर विचारायचं. वर्षाराणीनं हे व्रतासारखं पाळलं होतं. वेळेवर झोप, सकाळी गोदावरीच्या घाटापर्यंत चालणं, चहा एकदाच. यावर तिची तीन-चार वर्षं नीट गेली होती.

गोळ्या सोडल्या त्या कामापायी. पहाटे डोळाच उघडत नसे. मॅनेजर मल्लिनाथ एकदा-दोनदा बोलला, "बाई, तुम्ही असं उशिरा यायले तर मला दुसरं माणूस बघावं लागतंय." आता बरीच तर आहे मी, असं म्हणून तिनं गोळ्यांचं पाकीट फडताळात मागं सारलं आणि तसं आईला फोनवर सांगितलंही.

त्यानंतर पंधरा दिवसांत आई, केवळाबाई, भोकरहून येऊन राहिली. म्हणाली, "गुडघे लई दुखायलेत माय. इथं दवाखाना जवळ हाय." पण दवाखान्यात ती एकदाही गेली नाही. गुडघे दुखत असूनही स्वयंपाकाला मात्र वर्षाराणीला हात लावू देईना.

आता, बोटं थरथरायला लागल्यावर, वर्षाराणी आईकडं वेगळ्या नजरेनं बघायला लागली.

वरण आई स्वतः वाढायची. पातेलं ओट्यावरच राहायचं आणि वाट्या तिथूनच भरून यायच्या. वर्षाराणीची वाटी जरा बसक्या बुडाची होती, तीच नेमकी रोज तिच्यापुढं यायची. एकदा ती उठून स्वतः वाढून घ्यायला गेली तर आई चटकन आडवी आली. "बस तू. दिसभर उभी राहून येतीस." त्यात प्रेम होतं की घाई, तिला कळेना. आई ओट्याकडं तोंड करून पाठ अशी धरायची की मागून हात दिसू नयेत. हे आधीपासून होतं की आत्ताच सुरू झालं?

आईच्या मोबाइलवर लातूरचा फोन यायला लागला होता. पुनमच एकदा सहज बोलून गेली, "आज्जी बाबांशी बोलायली होती." वर्षाराणीनं विचारलं तर आई म्हणाली, "पोरीची चौकशी करतो. बाप हाय तो." घटस्फोटानंतर ज्यानं पोरीच्या वाढदिवसालाही आठवण काढली नाही, त्याला आताच बापपण कसं आठवलं? आई आणि रहमतबी अंगणात बसून बोलत असायच्या आणि वर्षाराणी दारातून आत आली की गप्प व्हायच्या. मग रहमतबी उगीचच हवापाण्याचं काढायची.

लुबना मॅडमनी शिकवलं होतं तसं वर्षाराणीनं केलं. आधी झोपली. उलट झोप जास्तच होत होती. पुढची पायरी जेवणाची, आणि संशय तर जेवणावरच होता. ते कसं सोडवायचं हे लुबना मॅडमनी सांगितलं नव्हतं.

त्यात जुनी गोष्ट तिला ठाऊक होती. लातूरलाही तिला सासूच्या जेवणाचाच संशय आला होता आणि तो खोटा निघाला होता. निदान सगळे तसं म्हणाले होते. आता पुन्हा "जेवणात काहीतरी घालतात" असं तोंडातून निघालं की ऐकणारा काय समजणार, हे वेगळं सांगायची गरज नव्हती.

तरी तिनं विचारलं. आईला नाही, रहमतबीला. मनात काही आलं की तिला विचारून पडताळून घ्यायची सवय होती.

"खाला, खरं सांगा. माझी माय माझ्या जेवणात काही घालते का?"

रहमतबी तांदूळ निवडत होती. तिचे हात थांबले नाहीत, पण ती वरही बघेना. "कायको ऐसा सोचती बेटी? माँ है तेरी."

तिनं 'नाही' म्हटलं नव्हतं. वर्षाराणीच्या ते ध्यानात राहिलं.

दुसऱ्या दिवसापासून ती काम संपल्यावर गुरुद्वाऱ्यात लंगरला जेवायला लागली. शाळा सुटली की पुनमलाही तिकडंच घेऊन जायची. तिथं सगळी माणसं एका रांगेत बसतात, एकाच बादलीतली डाळ सगळ्यांच्या ताटात पडते. एकट्या वर्षाराणीसाठी त्यात कोण काय घालणार? ती पोटभर जेवायची आणि घरी येऊन आईला सांगायची, भूक नाही.

केवळाबाईचा चेहरा उतरला. "एक घास तरी खा. वरण तरी पी." रोज तेच. बाकी काही नाही, वरणच. तेही नको म्हटलं की ताक नेऊन द्यायची, चहा आणून द्यायची. वर्षाराणी कप हातात घ्यायची आणि आईचं लक्ष नाही असं बघून मोरीत ओतायची.

आठवडाभरात बोटांची थरथर गेली, तोंडाची कोरड सरली, पहाटे आपोआप जाग यायला लागली. म्हणजे संशय खरा होता. तिला आनंद व्हायला हवा होता. पण आणखी काही दिवस गेले आणि दुसरंच सुरू झालं. चादर झटकली की त्या आवाजात तिला शब्द ऐकू यायला लागले. आधी अस्पष्ट, मग नीट: लातूरला कळवा, लातूरला कळवा. एका शीख बाईनं टॉवेलाची घडी उलटी घालून दिली, ती खूण वाटली. मल्लिनाथ फोनवर कन्नडमध्ये बोलत होता. त्याचं घरदार, सासर सगळं उदगीरकडचं, तो नेहमीच घरच्यांशी तसं बोलायचा. त्या दिवशी मात्र वर्षाराणीला खात्री वाटली की आपल्याला कळू नये म्हणूनच त्यानं भाषा बदललीय.

तिची मोठी पंचाईत झाली ती इथं. जेवणाबद्दलचा संशय अंगानं सिद्ध केला होता. चादरीतले शब्द मात्र ओळखीचे होते, आजारातले. यातलं खरं कोणतं आणि आजाराचं कोणतं, ही रेघ तिला एकटीला ओढता येईना. आणि ज्यांना विचारायचं, तेच संशयात होते.

तिनं ठरवलं की निदान एका गोष्टीचा निकाल लावायचा.

रविवारी संध्याकाळी ती घरी जेवायला बसली. आई खूश झाली. भाकरी, अंबाडीची भाजी, वरण. आईनं वाट्या आणून ठेवल्या आणि मीठ आणायला वळली. वर्षाराणीनं आपली बसकी वाटी उचलून पुनमपुढं ठेवली, पुनमची आपल्यापुढं घेतली. पण पुनमपुढच्या वाटीवर तिनं आपला पंजा पालथा धरून ठेवला होता. पोरीला ते ती खाऊ देणार नव्हती. तिला फक्त आईचं तोंड बघायचं होतं.

केवळाबाई वळली. तिनं वाट्या बघितल्या. मिठाचा डबा तिथंच टाकून ती दुखऱ्या गुडघ्यांची बाई अशी झेपावली की वाटी लवंडून वरण फरशीवर गेलं.

"ते तिला नको देऊ."

पुनम एकदा आईकडं, एकदा आजीकडं बघत होती. वरण वाहत भाकरीच्या टोपल्यापर्यंत आलं.

"काऊन माय?" वर्षाराणीनं विचारलं. तिचा आवाज तिलाच शांत वाटला. "काय हाय त्यात?"

केवळाबाईनं ज्वारीच्या डब्यात कोपरापर्यंत हात घातला आणि एक छोटी बाटली काढून लेकीपुढं ठेवली. तिच्याच आजारावरच्या औषधाचे थेंब होते. एका खाजगी डॉक्टरांना लेकीची जुनी कागदं दाखवून, ती गोळी खात नाही म्हणून सांगून, तिनं ते आणले होते.

"तू गोळी सोडलीस. भागवतचा फोन आला, म्हनला, पुन्हा तिचं तसं झालं तर पोरगी घेऊन जाईन. मी काय करावं?"

"मला सांगावं."

"सांगून ऐकलं असतंस?"

ऐकलं नसतंच हे वर्षाराणीला ठाऊक होतं, म्हणून तिचा राग आणखी वाढला. "मला वाटायलं होतं मी पुन्हा येडी झाले. इतके दिवस मी स्वतःवर संशय घेतला, माय. आन् मी बरोबर होते."

"बरोबर होतीस," केवळाबाई म्हणाली. "पर बरी न्हवतीस."

त्याच वेळी रहमतबी दारात येऊन उभी राहिली होती. फरशी बघून तिला सगळं कळलं. ती तिथूनच म्हणाली, "मेरे कू मालूम था बेटी. तुझ्या आईनं कसम घातली होती."

वर्षाराणीनं पुनमचा हात धरला आणि ती घाटाकडं निघून गेली. परतली तेव्हा फरशी पुसलेली होती.

सकाळी ती बाटली घेऊन थेट दवाखान्यात गेली. रांग लांब होती. लुबना मॅडमकडं नंबर लागेपर्यंत ती निघून जायला दोनदा उठली. कारण मनात आलं होतं, या बाईलाही आईनं आधीच फोन केला असेल तर?

हेच तिनं आत गेल्यावर आधी विचारलं. "माझ्या आईचा फोन आलता का तुम्हाला?"

"नाही," लुबना मॅडम म्हणाल्या. "आला असता तर मी तुम्हाला सांगितलं असतं."

वर्षाराणीनं बाटली टेबलावर ठेवली आणि सगळं सांगितलं. वाटीपर्यंतचं सांगून झालं, तिथं थांबायचा तिचा विचार होता. ती फिर्याद घेऊन आली होती, आजार घेऊन नव्हे. पण मॅडम ऐकतच होत्या, आणि तिनं चादरींचंही सांगून टाकलं. ते सांगताना तिला रडू आलं.

मॅडमनी बाटली हातात घेऊन बघितली. "हे न सांगता द्यायला नको होतं. तुमच्या आईशी मी बोलणार आहे, तुमच्यासमोर." मग म्हणाल्या, "आणि चादरींचं काय करायचं, ते तुम्ही सांगा."

"मी काय सांगू?"

"औषध तुमचं आहे. मागच्या वेळी आम्ही दिलं, तुम्ही घेतलं. सकाळी उठता येत नाही हे तुम्ही आम्हाला कधी म्हणालाच नाहीत."

खरंच, ती कधी म्हणाली नव्हती. तिला वाटायचं, तक्रार केली की आजार वाढला असं लिहितील. त्या दिवशी डॉक्टरांनी तिची सगळी हकिगत ऐकून दुसरी गोळी दिली, कमी ताकदीची, संध्याकाळी जेवणानंतर घ्यायची. थेंब बंद. गोळीचं पाकीट तिच्याच पर्समध्ये राहील आणि तिला कुणीही, अगदी आईनंही, "घेतली का" म्हणून विचारायचं नाही, असं ठरलं. त्याऐवजी दर महिन्याला ती स्वतः येऊन मॅडमला सांगेल, घेतली की चुकवली. केवळाबाईला बोलावलं तेव्हा ती खाली मान घालून ऐकत राहिली. शेवटी एवढंच म्हणाली, "हाव. पर माझ्या जिवाला घोर लागतो त्याचं काय?"

चादरींचे शब्द हळूहळू विरले. आधी त्यांतलं लातूर गेलं, मग नुसती कुजबुज उरली, मग एके दिवशी चादर ही चादर झाली. काही दिवस वर्षाराणी आपल्यापुरतं वेगळं रांधायची. केवळाबाई ते बघायची आणि बोलायची नाही.

राहिला भागवत. तो खरंच पोरगी न्यायचं म्हणाला होता की आईनं स्वतःच्या भीतीनं तसं ऐकलं? वर्षाराणीला राहवेना. पण या वेळी ती मनात घोळत बसली नाही. सुट्टी काढली आणि सकाळच्या एसटीनं लोहा, अहमदपूर, चाकूर करत लातूरला पोचली.

गंजगोलाईतल्या दुकानात भागवत स्टीलच्या हंड्यांची थप्पी लावत होता. तिला बघून तो आधी मागं सरकला. नंतर दुकानाबाहेरच्या पायरीवर तिच्यासाठी चहा मागवला.

"तुम्ही माझ्या आईला काय म्हनले होते?"

"काई नाही. तब्येत कशी हाय एवढंच विचारलं."

"पोरगी घेऊन जाईन म्हनले का?"

तो हंड्यांकडं बघत राहिला. "तसं नाही. म्हनलो, गरज पडली तर मी हाय."

ही धमकी होती की आधार? त्याच्या आवाजावरून सांगता येत नव्हतं. कदाचित त्यालाही माहीत नसावं. तिच्या मनात बरंच काही उसळलं, वकील, कोर्ट, सासू. ते तिनं तसंच बसू दिलं आणि जे सांगायला आली होती ते सांगितलं.

"मला आजार हाय. मधी मी गोळी सोडली होती, ते चुकलं. आता चालू हाय, माझ्या हातानं घेते. पुनम माझ्यापाशी राहील. तुम्हाला काई विचारायचं असंल तर मला फोन करा. माझ्या आईला नको."

भागवतनं मान हलवली. मग म्हणाला, "उन्हाळ्यात तिला आठ दिवस पाठवशील का?"

ती "बघते" म्हणाली. परतीच्या बसमध्ये तिला पश्चात्ताप झाला. नाहीच म्हणायला हवं होतं.

उन्हाळा लागला तरी तिचं ठरेना. आठ दिवसांत ते पोरीच्या मनात काय भरवतील? परत पाठवतील का? तिनं रात्री नीट झोप घेतली, जेवली, तरी संशय उरलाच. मग तिनं पुनमलाच विचारलं. पुनम म्हणाली, "जाते की. बाबांचं दुकान मला आठवत पण नाही."

भागवत येऊन तिला घेऊन गेला. ते आठ दिवस वर्षाराणीनं कसे काढले ते तिलाच ठाऊक. फोन रोज करायची, आवाजात काही वेगळं आहे का ते कान देऊन ऐकायची. रोज संध्याकाळी गोळी घेताना वाटायचं, आज बोलणं जरा तुटक होतं का पोरीचं?

ठरलेल्या दिवशी ती बसस्टँडवर तासभर आधी जाऊन उभी राहिली. लातूरची गाडी आली. भागवतच्या हातात पिशवी आणि पाठीमागं पुनम, नवा ड्रेस घातलेली, जरा काळवंडलेली. भागवत चहालाही थांबला नाही, परतीची गाडी लागलीच होती.

रिक्षात बसल्यावर वर्षाराणीनं जमेल तितक्या सहजपणं विचारलं, "तिथं काय विचारलं का तुला? माझ्याबद्दल?"

"हाव. त्या आज्जीनं विचारलं, तुझी आई गोळी खाते का म्हणून."

"मग?"

"मी म्हनले, मला काय माहीत. तिलाच फोन करून विचारा."

वर्षाराणीच्या जिभेवर आणखी दहा प्रश्न होते. आज्जी त्यावर काय म्हणाली, बाबा तेव्हा कुठं होते, हा ड्रेस कुणी घेतला. ती बाहेर बघत बसली. पुनमनं पिशवी उघडली आणि लातूरहून आणलेला चिवडा रिक्षातच खायला काढला. पुडी आईपुढं धरली. वर्षाराणीनं पुडीकडं बघितलं, लेकीकडं बघितलं, आणि मूठभर उचलून तोंडात टाकला. जरा तिखट होता.